१९५२ : वर्गणीवर आलेले आणि सरकारने पाठवलेले

मैदानवेडा

विसाव्या शतकाच्या मध्यावरचं खेळातलं एखादं वर्ष निवडा म्हटलं की बहुतेक जण १९५४ चं नाव घेतात. रॉजर बॅनिस्टरने चार मिनिटांच्या आत धावलेला मैल आणि बर्नला फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हंगेरीचा झालेला पराभव, एवढ्यावर ते वर्ष भरून जातं. माझं मत १९५२ ला. त्या वर्षी दोन अगदी वेगळ्या प्रकारचे खेळाडू पहिल्यांदा एवढ्या मोठ्या संख्येने समोरासमोर आले. एक नोकरी, शिक्षण, घरदार सांभाळून, लोकांच्या वर्गणीवर किंवा स्वतःच्या खिशातून आलेले. दुसरे सरकारने पगार देऊन, शिबिरात ठेवून, ठरवून तयार केलेले. नियमाच्या पुस्तकात दोघेही 'हौशी'. या एका भेदातून ते वर्ष वाचलं की निकालांच्या कोरड्या याद्या बोलायला लागतात, असा माझा अनुभव आहे.

वर्षाची सुरुवातच दाट आहे. ६ फेब्रुवारीला इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज वारले. त्याच दिवशी मद्रासला चेपॉकवर भारत-इंग्लंड पाचवी कसोटी सुरू झाली होती. विश्रांतीचा दिवस अलीकडे आणून दुसऱ्या दिवशी खेळ बंद ठेवला. तिकडे ऑस्लोत १४ तारखेपासून हिवाळी ऑलिंपिक होतं. नॉर्वेचे राजे अंत्यविधीसाठी लंडनला गेल्यामुळे उद्घाटन राजकन्या रॅगन्हिल्डने केलं. आणि मुंबईत त्याच महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत टेबल टेनिसची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा चालू होती. जपान तिथे पहिल्यांदाच उतरला आणि चार विजेतेपदं घेऊन गेला.

ऑस्लोत ट्रक चालवून पोट भरणाऱ्या यालमार आंदरसनने स्पीड स्केटिंगची तीन सुवर्णं घेतली : १५००, ५००० आणि १०,००० मीटर. घरच्या मैदानावर, घरच्या लोकांपुढे. हा पहिल्या प्रकारचा खेळाडू.

मग १९ जुलैला हेलसिंकी. १९४० चं ऑलिंपिक इथेच व्हायचं होतं, युद्धात गेलं. स्टेडियम तयार होऊन बारा-चौदा वर्षं वाट बघत होतं. ज्योत घेऊन आत कोण आलं, तर पंचावन्न वर्षांचा पाव्हो नुर्मी. नऊ ऑलिंपिक सुवर्णं मिळवलेल्या या माणसाला १९३२ च्या लॉस एंजेलिसमध्ये धावू दिलं नव्हतं, कारण त्याने शर्यतींचे पैसे घेतले असा ठपका होता. वीस वर्षांनी त्याच्याच हाती ज्योत दिली आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. ज्या स्पर्धेची ज्योत 'व्यावसायिक' म्हणून बाद केलेल्या माणसाने आणली, त्याच स्पर्धेत सोव्हिएत संघ पहिल्यांदा उतरला. सोव्हिएत आणि त्यांच्या गोटातल्या देशांचे खेळाडू ओटानिएमीला वेगळे राहिले, बाकीच्यांचं क्रीडाग्राम निराळं. अमेरिकेला ४० सुवर्णं, सोव्हिएत संघाला २२. पण एकूण पदकं पाहिली तर ७६ आणि ७१. पहिल्याच प्रयत्नात! त्यानंतरच्या चाळीस वर्षांची ती नांदी होती.

हेलसिंकी म्हटलं की चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक आलाच पाहिजे. २० जुलैला १०,००० मीटर, २९ मिनिटं १७ सेकंद. २४ ला ५००० मीटर, १४:०६.६. २७ ला मॅरेथॉन, २ तास २३ मिनिटं ३ सेकंद. तिन्ही सुवर्णं, तिन्ही ऑलिंपिक विक्रम, आणि मॅरेथॉन तो आयुष्यात पहिल्यांदा धावत होता. हे तीन आकडे सगळ्यांना पाठ असतात. मला ५००० ची शेवटची फेरी जास्त महत्त्वाची वाटते. घंटा वाजली तेव्हा झाटोपेक पुढे होता. लगेच इंग्लंडचा चॅटवे, जर्मनीचा शाडे आणि फ्रान्सचा मिमून असे तिघेही त्याला मागे टाकून गेले. तो चौथा. दमलेला माणूस अशा वेळी पदकाचा नाद सोडतो. हा शेवटच्या वळणावर बाहेरच्या बाजूने तिघांनाही वळसा घालून पुढे आला. मान एका खांद्यावर पडलेली, तोंड वेडंवाकडं, जीभ बाहेर. आतल्या कडेला चॅटवेचा पाय अडखळून तो पडला. शेवटची फेरी सुमारे ५८ सेकंदांत. थोड्याच वेळात झाटोपेकची बायको दाना भालाफेकीला उतरली आणि पहिल्याच फेकीत ५०.४७ मीटर टाकून सुवर्ण घेऊन आली. दोघांचा जन्म एकाच दिवशीचा, १९ सप्टेंबर १९२२.

मॅरेथॉनमध्ये त्याने विश्वविक्रमी धावपटू जिम पीटर्सला गाठून विचारलं, वेग बरा आहे ना? पीटर्सने त्याला गोंधळवण्यासाठी सांगितलं की फार हळू चाललोय. झाटोपेकने ते खरं मानलं आणि वेग वाढवला. पीटर्सने पुढे शर्यत सोडली.

झाटोपेक सैन्यात अधिकारी होता, म्हणजे माझ्या वाटणीप्रमाणे दुसऱ्या प्रकारचा. आणि त्याच्या मागे दोन शर्यतींत दुसरा आलेला आलँ मिमून? अल्जेरियात जन्मलेला, दुसऱ्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढताना इटलीत मोन्ते कासिनोला पाय कापायची वेळ आलेला, पॅरिसच्या एका क्लबात वेटरचं काम करणारा. एकाच चौथऱ्यावर हे दोघे शेजारी उभे होते.

भारताच्या बाजूने कुस्तीतले खाशाबा जाधव, हॉकी, फुटबॉल, क्रिकेटमधला मंकड हे सगळं बाकी आहे. ज्यांना त्यातलं जवळून माहीत आहे त्यांनी लिहावं. मी मधेमधे येत राहीन.

---

करवीरी माती

खाशाबांचं मी लिहितो. आमच्याकडे तालमीत त्यांचं नाव निघालं नाही असा दिवस जात नाही, पण हेलसिंकीत नेमकं काय झालं ते फार थोड्यांना माहीत असतं.

कराडजवळचं गोळेश्वर त्यांचं गाव, जन्म १५ जानेवारी १९२६ चा. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात, नंतर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९४८ ला लंडनला फ्लायवेट गटात सहावे आले. त्या वेळी खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला होता. मातीत वाढलेला गडी, गादीवरची कुस्ती तिथे जाऊन समजून घेतली, आणि तरी सहावा. १९५२ ला मात्र पैशाची बाजू लंगडी होती. सरकारकडून पुरेसं काही मिळेना. मग गोळेश्वर-कराडच्या लोकांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. मास्तराने शिष्यासाठी घर गहाण टाकायचं ही गोष्ट आज ऐकली तरी अंगावर काटा येतो. मैदानवेडांनी केलेल्या वाटणीत पहिल्या प्रकारचा यापेक्षा चोख नमुना कुठला मिळणार?

त्याआधी निवडीतही अडथळा आला. मद्रासच्या चाचणीत गुण द्यायला पंचांनी हात आखडता घेतला असं त्यांचं म्हणणं होतं. ते पतियाळाच्या महाराजांपर्यंत गेले, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि ती जिंकून जागा मिळवली.

आता हेलसिंकी. बँटमवेट, ५७ किलो. तेव्हाची पद्धत आजच्यासारखी नव्हती. उपांत्य, अंतिम असा सरळ जिना नसायचा. हरलं की वजा गुण, आणि जिंकलं तरी चितपट न करता पंचांच्या कौलावर जिंकलं तर त्याचाही वजा गुण. ठराविक वजा गुण साठले की बाहेर. म्हणजे निकाली कुस्ती करणाऱ्याचा फायदा. आपल्या फडातला पैलवान निकालीच खेळतो, हे खाशाबांच्या पथ्यावर पडलं. कॅनडाच्या पोलिकॅनला चीत केलं, मेक्सिकोच्या बासुर्तोला सव्वापाच मिनिटांत चीत केलं, जर्मनीच्या श्मिट्झला तीनपैकी दोन पंचांच्या कौलावर हरवलं. त्यांचा ढाक प्रसिद्ध होता : प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरायची आणि कमरेवरून खाली आणायचं. मातीतला ढाक गादीवर मारताना पाय रोवायला माती नसते, पाय सटकतो. तो हिशेब त्यांनी लंडनच्या अनुभवावर बसवला होता.

मग जपानचा शोहाची इशी. लांबलेली, दमवणारी कुस्ती झाली आणि ती खाशाबा हरले. त्यानंतर लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हशी लढायला बोलावलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती द्यायची असा नियम होता, पण तो बोलून दाखवायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, अशी हकीकत सांगितली जाते. खाशाबा तसेच उतरले आणि हरले. इशी सुवर्ण, मामेदबेकोव्ह रौप्य, खाशाबा कांस्य. दिनांक २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. दुसरं यायला लिअँडर पेसपर्यंत, १९९६ पर्यंत, चव्वेचाळीस वर्षं लागली.

केशव माणगावे हे आमच्या कोल्हापूरचे दुसरे मल्ल त्याच स्पर्धेत ६२ किलो गटात होते. पदकाच्या अगदी दारात जाऊन हुकले. त्यांचं नाव निदान इथे तरी लिहिलं जावं.

---

दादर पूर्व

@करवीरी माती, प्रतिसाद वाचनखुणांत ठेवला. एक विचारायचं आहे. परत आल्यावर खाशाबांचं काय झालं? पदक मिळवलेल्या माणसाला नोकरी तरी धड मिळाली का?

---

करवीरी माती

मिरवणूक दणक्यात निघाली. कराडपासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून जास्त बैलगाड्या होत्या असं सांगतात. कुस्त्यांचे फड लावून पैसा उभा केला आणि प्राचार्यांचं गहाण घर सोडवलं, हे मला पदकाइतकंच मोठं वाटतं. नोकरी १९५५ ला मिळाली, मुंबई पोलिसात उपनिरीक्षक. पुढची बढती यायला निवृत्ती जवळ यावी लागली. १९८४ च्या ऑगस्टमध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर, २००० सालचा. पद्म पुरस्कार नाहीच. गोळेश्वरच्या घराचं नाव 'ऑलिंपिक निवास'.

---

बॅकहँड

मुंबईच्या टेबल टेनिसचं मी सांगते. धागाकर्त्यांनी दोन ओळींत उरकलंय, पण माझ्या मते त्या वर्षातली सगळ्यात मोठी उलथापालथ तिथे झाली.

तोवरची बॅट म्हणजे लाकडी फळीवर बारीक दाण्यांचं कडक रबर. चेंडू लागला की टक् असा स्वच्छ आवाज. खेळणारे त्या आवाजावर खेळायचे : समोरच्याने किती जोरात मारला, फिरकी दिली की सपाट मारला, हे कान सांगायचे, डोळे नंतर. हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, इंग्लंड, अमेरिका यांचे खेळाडू वर्षानुवर्षं असे तयार झाले होते. दोन्हीकडून चेंडू कापत राहायचे आणि एकेक गुण लांबत जायचा.

आणि मग जपानचा हिरोजी सातो आला. चष्मा लावणारा, अंगाने किरकोळ. जपानी संघातही तो पहिल्या नंबरचा मानला जात नव्हता. त्याच्या फळीवर जाड स्पंज होता. चेंडू त्यात रुतायचा आणि गोफणीतून सुटल्यासारखा बाहेर यायचा. आवाज नाही. समोरच्याचा अर्धा अंदाजच गेला. तुम्ही जोरात मारा, तोच जोर तुमच्याकडे परत. फिरकी कधी उलटी, कधी नाहीच. अमेरिकेचा मार्टी रीसमन विजेतेपदाच्या आशेने मुंबईला आला होता, तोही सातोपुढे हरला. अंतिम सामन्यात सातोने हंगेरीच्या कोचियानला हरवलं आणि जगज्जेता झाला. आशियातला पहिला.

महिलांमध्ये जपानने सांघिक कॉर्बिलियन कप आणि दुहेरी जिंकली, पुरुष दुहेरीही त्यांचीच. पुरुषांचा सांघिक स्वेदलिंग कप हंगेरीने राखला. महिला एकेरीत रुमानियाची अँजेलिका रोझियानू. ती १९५० ते १९५५ सलग सहा वर्षं जगज्जेती होती आणि तिने स्पंजलाही दाद दिली नाही.

त्यावरून अनेक वर्षं भांडण चाललं. स्पंज बंद करा, खेळ मेला, असं एक बाजू म्हणायची. शेवटी १९५९ ला नियम आला : नुसता स्पंज चालणार नाही, वर रबर हवं, आणि दोन्ही मिळून ४ मिलिमीटरपेक्षा जाड नको. आज आपण क्लबात ज्या बॅटने खेळतो तिचा जन्म मुंबईतल्या त्या स्पर्धेतून झाला. मुंबईत याची आठवण सांगणारी एक पाटी तरी असायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

सातो कुठल्या प्रकारचा, मैदानवेडा? वर्गणीवाला की सरकारवाला? मला वाटतं तो तिसऱ्याच प्रकारचा : अवजार बदलणारा.

---

मैदानवेडा

@बॅकहँड, तिसरा प्रकार मान्य. जपान आणि जर्मनी यांना १९४८ ला लंडनला बोलावलंच नव्हतं. म्हणजे १९५२ हे जपानचं जगात परत येण्याचं वर्ष. फेब्रुवारीत मुंबईत सातो, जुलैत हेलसिंकीत खाशाबांना हरवणारा इशी. दोन्हीकडे आपण जवळून पाहिलं, हे मला आतापर्यंत असं जोडून दिसलं नव्हतं.

---

गुगली

क्रिकेटवर थोडं. चेपॉकची ती कसोटी म्हणजे भारताचा कसोटीतला पहिला विजय. १९३२ ला पहिली कसोटी खेळलो, वीस वर्षांनी जिंकलो. कर्णधार सांगलीचे विजय हजारे. विनू मंकडने पहिल्या डावात ५५ धावांत ८ आणि दुसऱ्यात ५३ धावांत ४ बळी घेतले. यष्टिरक्षक खोकन सेनने सामन्यात पाच यष्टिचीत केले, त्यातले चार पहिल्या डावात आणि चारही मंकडच्या गोलंदाजीवर. म्हणजे इंग्लंडचे फलंदाज पुढे सरसावत होते आणि चेंडू त्यांना चकवून मागे जात होता. पंकज रॉय १११, पॉली उम्रीगर नाबाद १३०. एक डाव ८ धावांनी जिंकलो, मालिका १-१.

आणि त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर हेडिंग्ले. दुसऱ्या डावात फलकावर शून्य धावा, चार बाद. फ्रेड ट्रूमनची ती पहिलीच कसोटी. ओल्ड ट्रॅफर्डला तर एकाच दिवसात दोनदा सर्वबाद झालो, ५८ आणि ८२. फेब्रुवारी आणि जुलै यांत एवढं अंतर!

मधल्या लॉर्ड्स कसोटीतला मंकड मात्र या धाग्याच्या विषयाशी थेट जोडलेला आहे. तो दौऱ्याच्या संघात नव्हता. लँकेशायर लीगमधल्या हॅसलिंग्डन क्लबाशी त्याचा पगारी करार होता. मंडळाने संघात जागेची हमी दिली नाही, तेव्हा त्याने करार केला. पोट भरायचं होतं. हेडिंग्लेनंतर मंडळाला त्याची आठवण झाली आणि क्लबाशी बोलून त्याला सोडवून आणलं. लीगमधून थेट लॉर्ड्सवर येऊन त्याने पहिल्या डावात ७२ आणि दुसऱ्यात १८४ धावा केल्या. दोन्हींच्या मधे ७३ षटकं टाकून १९६ धावांत ५ बळी. सामना आपण ८ गड्यांनी हरलो, पण लोक अजून त्याला मंकडची कसोटी म्हणतात.

ऑक्टोबरात पाकिस्तान पहिल्यांदा आलं. दिल्लीत मंकडचे १३ बळी, आपण जिंकलो. लखनौला मॅटिंगवर फझल महमूदचे १२ बळी, ते जिंकले. ब्रेबॉर्नवर हजाऱ्यांच्या नाबाद १४६ आणि आपण १० गड्यांनी पुढे. त्याच मुंबई कसोटीत मंकडचे हजार धावा आणि शंभर बळी पूर्ण झाले, २३ व्या कसोटीत. मालिका २-१. भारताने जिंकलेली ही पहिली मालिका.

---

तिसरी घंटा

धागा आवडला, पण मूळ वाटणीवर माझा आक्षेप आहे. 'सरकारने पाठवलेले' म्हटलं की वाटतं यांचं सगळं आयतं होतं. तसं नव्हतं. हेलसिंकीतला युगोस्लाव्हिया विरुद्ध सोव्हिएत संघ हा फुटबॉल सामना घ्या. १९४८ पासून युगोस्लाव्हियाचा टिटो आणि सोव्हिएत संघाचा स्टालिन यांचं विळ्या-भोपळ्याचं नातं. टाम्पेरेला सामना झाला. युगोस्लाव्हिया ५-१ ने पुढे, आणि उरलेल्या वेळात सोव्हिएत संघाने बोब्रोव्हच्या तीन गोलांसह ५-५ केलं. जादा वेळेतही निकाल नाही. दोन दिवसांनी पुन्हा खेळले आणि युगोस्लाव्हिया ३-१ ने जिंकला. परिणाम काय? ज्या सैन्याच्या संघातून बरेच खेळाडू आले होते तो मॉस्कोचा संघच बरखास्त झाला. राष्ट्रीय विजेता संघ होता तो! खर्डेकर सरांना घर गहाण टाकावं लागलं हे वाईटच. पण खाशाबा हरून आले असते तर त्यांची तालीम कोणी बंद केली नसती.

सोव्हिएत जिम्नॅस्ट व्हिक्तर चुकारिन घ्या. हेलसिंकीत चार सुवर्णं, वय तीस. युद्धात जर्मनांच्या हाती सापडून बुखेनवाल्डसह छावण्यांत दिवस काढलेला माणूस. त्याला सरकारने पाठवला म्हणून तो कमी कष्टाचा ठरत नाही.

आणि झाटोपेकच. संघ निघायच्या वेळी स्टानिस्लाव्ह युंगविर्थ या धावपटूला वगळलं होतं, कारण त्याचे वडील राजकीय कैदी. झाटोपेक म्हणाला, तो नाही तर मीही नाही. विमान त्याच्याशिवाय गेलं. शेवटी सरकार वाकलं आणि दोघे मागाहून पोहोचले. एकाही पदकाची खात्री नसताना सैन्यातल्या माणसाने तेव्हाच्या प्रागमध्ये असं म्हणणं म्हणजे काय, याचा विचार करा. १९६८ नंतर त्याच सरकारने त्याला सैन्यातून काढून अंगमेहनतीच्या कामाला पाठवलं.

त्याच देशाचा यारोस्लाव्ह ड्रोबनी १९४९ ला बाहेर पडला, तो परत गेलाच नाही. १९५२ ला विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात तो इजिप्तच्या नावावर खेळला आणि फ्रँक सेजमनकडून हरला. सेजमनने त्या वर्षी एकेरी, दुहेरी, मिश्र दुहेरी तिन्ही जिंकल्या.

---

मैदानवेडा

@तिसरी घंटा, आक्षेप वजनदार आहे आणि धाग्याला हवाच होता. माझं म्हणणं सरकारी खेळाडू कमी दर्जाचा असं नाही. दोघांना एकाच 'हौशी' शिक्क्याखाली उभं केलं, हे मला खुपतं. नुर्मीला प्रवासखर्च जास्त घेतला म्हणून बाद केलं, पण हंगेरीच्या सैन्याच्या होन्वेद या फुटबॉल संघातल्या खेळाडूंना कुणी विचारलंसुद्धा नाही की तुम्ही शेवटची बंदूक कधी उचलली. पुष्काश, कोचिश, बोझिक सगळे होन्वेदचे. हेलसिंकीच्या अंतिम सामन्यात पुष्काशची पेनल्टी हुकली, तरी युगोस्लाव्हियाला २-० ने हरवलं, गोल पुष्काश आणि चिबोरचे. काय संघ होता! पण त्यांना आणि अनवाणी खेळणाऱ्या आपल्या पोरांना एकाच स्पर्धेत 'हौशी' म्हणून उतरवणं, हे बरोबर नव्हतं.

---

साइडलाइन

अनवाणीचा विषय निघालाच आहे तर. १५ जुलैला भारत विरुद्ध युगोस्लाव्हिया, १०-१. आदल्याच वर्षी दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत आपण सुवर्ण जिंकलो होतो, त्यामुळे हा धक्का फार मोठा. आपला एकमेव गोल अगदी शेवटी अहमद खानने केला. बहुतेक खेळाडू बूट न घालता उतरले होते. कोरड्या, कडक मैदानावर अनवाणी पायाची चेंडूवर पकड सुंदर असते. फिनलंडच्या थंडीत, ओल्या गवतावर, खिळ्यांच्या बुटांसमोर ती चालत नाही. या पराभवानंतर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले आणि १९५६ ला मेलबर्नला हाच देश चौथा आला. मला १०-१ चा राग येत नाही, त्यातून जे शिकलो त्याचा अभिमान वाटतो.

हॉकीत मात्र कुणाला धग लागू दिली नाही. के. डी. सिंग 'बाबू' कर्णधार. उपांत्य सामन्यात ब्रिटनविरुद्ध ३-१, तिन्ही गोल बलबीर सिंग. अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध ६-१, त्यात बलबीरचे पाच. ऑलिंपिकच्या पुरुष हॉकीत अंतिम सामन्यातला हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. तारीख २४ जुलै, म्हणजे झाटोपेकची ५००० मीटर, दानाची भालाफेक आणि आपलं हॉकीचं सुवर्ण एकाच दिवशी, आणि खाशाबांचं पदक आदल्या दिवशी.

---

वाचनवेडी

इतके प्रतिसाद झाले आणि दाना झाटोपकोव्हा, रोझियानू सोडल्या तर बायका कुठेच नाहीत. स्वतंत्र भारताच्या स्त्रिया ऑलिंपिकला पहिल्यांदा गेल्या त्या १९५२ लाच. धावण्यात नीलिमा घोष आणि मुंबईची मेरी डिसूझा, पोहण्यात डॉली नझीर आणि आरती साहा. आरती तेव्हा अकरा वर्षांची होती! सात वर्षांनी तिनेच इंग्लिश खाडी पोहून पार केली. मेरी डिसूझा १०० आणि २०० मीटर धावली, हॉकीही खेळायची. तिच्या प्रवासाचे पैसेही ओळखीच्या लोकांनी कार्यक्रम करून उभे केले होते. म्हणजे गोळेश्वर आणि वांद्रे, दोन्हीकडे कथा तीच.

दुसरी लिस हार्टेल. डेन्मार्कची घोडेस्वार. १९४४ ला गरोदरपणात पोलिओ झाला, गुडघ्याखाली पायांत शक्ती राहिली नाही. घोड्यावर चढवायला आणि उतरवायला माणूस लागायचा. पण ड्रेसाज म्हणजे घोड्याला पायाच्या हलक्या दाबाने सूचना देण्याचा खेळ. ती ते काम पाठीच्या आणि बैठकीच्या वजनाने करायला शिकली. १९५२ पर्यंत या प्रकारात फक्त सैन्यातले अधिकारी चालत. त्या वर्षी स्त्रियांना दार उघडलं आणि तिने पुरुषांबरोबर स्पर्धा करून रौप्य घेतलं. सुवर्ण मिळवणाऱ्या स्वीडनच्या सेंट सीरने तिला हाताला धरून चौथऱ्यावर नेलं.

विम्बल्डनला सतरा वर्षांच्या मॉरीन कॉनलीने पहिलं विजेतेपद घेतलं, लुईस ब्रोला ७-५, ६-३ ने हरवून. पुढच्या वर्षी चारही मोठ्या स्पर्धा. १९५४ ला घोड्यावरून जाताना अपघात झाला आणि एकोणिसाव्या वर्षी खेळ संपला.

---

कोरा कागद

सायकलिंगमध्ये फाउस्तो कोप्पी : इटलीची जिरो आणि फ्रान्सची टूर दोन्ही एकाच वर्षी जिंकल्या. टूरमध्ये आल्प द्युएझची चढण पहिल्यांदा आली ती याच साली, आणि तो टप्पा कोप्पीनेच जिंकला. संपूर्ण टूरमध्ये तो दुसऱ्यापेक्षा अठ्ठावीस मिनिटांहून जास्त पुढे. मोटार शर्यतीत फेरारीचा आस्कारी जगज्जेता. बॉक्सिंगमध्ये २३ सप्टेंबरला फिलाडेल्फियात रॉकी मार्सियानोने तेराव्या फेरीत जर्सी जो वॉलकॉटला आडवं केलं, तोवर गुणांवर मार्सियानो मागे होता. जूनमध्ये न्यूयॉर्कला उकाडा इतका की शुगर रे रॉबिन्सन जिंकत असलेली लढत चौदाव्या फेरीला उठू न शकल्याने हरला. जोई मॅक्सिमपेक्षा उन्हाळ्याने त्याला हरवलं. पंचही दहाव्या फेरीनंतर बदलावा लागला होता.

हे सगळे उघड व्यावसायिक. यांच्याबाबत कुणाला नाटक करायची गरज नव्हती.

---

चौथी लेन

सगळं मान्य, तरी माझं मत १९५४ ला. बॅनिस्टर.

---

मैदानवेडा

@चौथी लेन, बॅनिस्टरची मुळंसुद्धा हेलसिंकीतच आहेत. तो वैद्यकीय विद्यार्थी, सराव स्वतःच्या डोक्याने, थोडा आणि नेमका. १५०० मीटरला प्राथमिक आणि अंतिम अशा दोनच शर्यती होतील या हिशेबाने त्याने अंगातली ताकद राखून ठेवली होती. ऐनवेळी आयोजकांनी मधे उपांत्य फेरी घातली. तीन दिवस रोज एक शर्यत. २६ जुलैला तो चौथा आला. जिंकला लक्झेंबर्गचा जोसी बार्टेल, ज्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं. पदक घेताना तो ढसाढसा रडला. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी बॅनिस्टरला झोडपून काढलं. तो धावणं सोडून पूर्णवेळ डॉक्टरकीकडे वळण्याच्या विचारात होता. सुवर्ण मिळालं असतं तर बहुधा सोडलंच असतं.

६ मे १९५४ ला ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर त्याला वेग धरून दिला तो ख्रिस ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे या दोघांनी. ब्रॅशर हेलसिंकीत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये होता, पदकापासून बराच लांब. चॅटवे म्हणजे झाटोपेकच्या शर्यतीत शेवटच्या वळणावर पडलेला तोच. तिघेही १९५२ ला रिकाम्या हाताने घरी गेलेले. त्या दिवशी सकाळी बॅनिस्टर लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात कामावर होता. तिथेच बुटांचे खिळे घासून घेतले, रेल्वेने ऑक्सफर्डला गेला आणि संध्याकाळी ३:५९.४.

१९५४ चा धागा तुम्ही काढा. बर्नचं मी लिहीन. होन्वेदवाल्यांचं अर्धं राहिलंय.